वंशावळीत नसलेल्या लेकी

हिंगोली जिल्ह्यातले साखरा हे माझे आजोळ. तिथल्या घरात देवघराशेजारच्या फडताळात एक वही असे. नाना, म्हणजे माझ्या आईचे वडील, त्र्यंबकेश्वराला गेले होते तेव्हा तिथल्या उपाध्यायांच्या चोपड्यातून त्यांनी घराण्याची नावे उतरवून आणली होती. एकाखाली एक सात पिढ्या होत्या. शेवटच्या ओळीत नानांचे आणि त्यांच्याखाली मामाचे नाव होते. नानांना मामाखेरीज तीन मुली होत्या: माझी आई आणि दोन मावश्या. त्यांची नावे वहीत नव्हती. त्यात कुणाला काही वावगेही वाटत नसे. वंशावळ अशीच लिहितात, कारण लेकी दुसऱ्यांच्या वंशावळीतल्या असतात. खरे तर तिथेही त्या नसतातच.

दुसरा कागद मी २०१७ साली पुण्याला पाहिला. माझ्या बहिणीच्या मोठ्या मुलीचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. नजर टाळायचा, हात फडफडवायचा. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले आणि समुपदेशिकेने एका कोऱ्या कागदावर आमचे घराणे काढायला सुरुवात केली. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. व्याधी असेल तर आकृती भरून काळी करायची, वाहक असेल तर आत ठिपका द्यायचा. नात्यातल्या लग्नाला दोन रेघा. तासाभरात वहीतल्या सात पिढ्यांत जे नव्हते ते सगळे त्या कागदावर आले, कारण ती बाई प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत होती : "आणि मुली?"

हा लेख या दोन कागदांविषयी आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवली. विज्ञान हा माझा प्रांत नाही. पण कोणती गोष्ट कुणाकडून सांगितली जाते आणि कुणाला वगळून सांगितली जाते, हे पाहणे हे समीक्षेचे काम आहे. बुद्धीने अधू असलेले मूल घरात जन्मले की त्याची गोष्ट सांगितली जातेच. ती आपण कशी सांगत आलो, हे मला पाहायचे आहे.

तीन कारणे

मोठ्या मावशीचा मुलगा माझ्याहून वर्षाने मोठा. आम्ही त्याला भाऊ म्हणत असू. लांबट चेहरा, मोठे कान, समोरच्याकडे न बघता बोलण्याची सवय. साखऱ्याला एस.टी. आली की कंडक्टरचे शब्द तो दिवसभर म्हणत राही. बैलांची त्याला भारी ओळख होती. कुणाचा बैल कुठल्या बाजारातून आला हे तो सांगे. पैसे मात्र शेवटपर्यंत मोजता आले नाहीत. गावात त्याला कुणी येडं म्हणे, कुणी देवाचं लेकरू. दोन्ही शब्द मावशीला सारखेच टोचत.

त्याच्या असण्याची तीन कारणे गावाने ठरवली होती. एक, मावशीने गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली. दोन, "घरातल्या घरात केलं" : मावशी नानांच्या सख्ख्या बहिणीच्या घरी दिलेली, म्हणजे नवरा तिचा आतेभाऊ. तीन, खाण तशी माती. मायच मुळात भोळसट. तिसरे कारण सांगणाऱ्यांकडे पुरावाही असे. नानांकडे बघा, म्हणत; त्यांच्या लेकाच्या घरी सगळी पोरं हुशार, म्हणजे घराण्यात काही नाही. खोट आहे ती हिच्यात.

नानांचे उतारवयात हात थरथरू लागले. आधी चहाची बशी सांडे, पुढे चालताना तोल जाऊ लागला. त्याला वात म्हटले गेले. धाकट्या मावशीची पाळी पस्तिशीच्या आत थांबली आणि तिला मूल झाले नाही. तिला काय म्हटले गेले ते मराठी वाचकाला सांगायला नको. एका घरात तीन दुःखे होती आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

कागद काय म्हणाला

पुण्याच्या तपासणीत जे निघाले त्याला फ्रॅजाइल एक्स म्हणतात. वंशपरंपरेने येणाऱ्या बौद्धिक अपंगत्वाच्या ज्ञात कारणांत हे एका जनुकामुळे घडणारे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. साधारण चार ते सात हजार मुलांत एकाला ते असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि १९९१ साली ते सापडले. त्या जनुकाच्या सुरुवातीला डीएनएची तीन अक्षरे, सी-जी-जी, पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत ही पुनरावृत्ती तीसच्या आसपास असते. ती ५५ ते २०० असेल तर माणूस बुद्धीने ठणठणीत असतो, पण वाहक असतो. दोनशेच्या पुढे गेली की जनुक बंद पडते आणि मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांना लागणारे एक प्रथिन तयार होत नाही.

यातली मेख पुढे आहे. वाहक पुरुष आपले एक्स गुणसूत्र मुलाला देत नाही. मुलाला त्याच्याकडून वाय मिळते. पण मुलींना तो तेच एक्स देतो, एकूण एक मुलींना. त्याच्याकडून जाताना आकडा दोनशेची सीमा ओलांडत नाही, म्हणून मुलीही धडधाकट दिसतात. मुलीकडून तिच्या अपत्याकडे जाताना मात्र तो फुगू शकतो. प्रत्येक अपत्याला ते एक्स मिळण्याची शक्यता निम्मी. मुलाला ते दोनशेच्या पुढे जाऊन मिळाले तर तो भाऊसारखा होतो. मुलीजवळ दुसरे एक्स असते, म्हणून तिच्यात परिणाम बहुधा सौम्य असतो, कधी दिसतही नाही. म्हणजे बुद्धिमान आजोबा, बुद्धिमान मुलगी आणि अधू नातू अशी ही वाट आहे.

आता गावाची कारणे तपासून पाहावीत. ग्रहणाचा विषय सोडून देऊ. नात्यातल्या लग्नाचे कारण खोटे नाही, पण इथले नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या आप्तसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला त्यात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानले आहे : उत्तरेत निषिद्ध असलेले आते-मामे भावंडांचे लग्न दक्षिणेला पसंत, आणि आपल्याकडे मामाची मुलगी चालते. अशा जोडप्याला एकाच पूर्वजाकडून एकाच बिघडलेल्या जनुकाची प्रत मिळालेली असू शकते. ज्या व्याधींना आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत लागते, त्यांचा धोका अशा लग्नात वाढतो. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणी चारात एक. जन्मजात दोषांची शक्यता एरवी शंभरात दोन-तीन असते, सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते. ही गोष्ट गंभीर आहे आणि साखऱ्यात आजही सांगायला हवी. पण भाऊचे एक्स फक्त मावशीकडून आले. नवरा आतेभाऊ असता काय, नाशिकचा असता काय, भाऊच्या बाबतीत फरक पडला नसता.

आणि तिसरे कारण? मामाची मुले हुशार म्हणून नानांचे घराणे निर्दोष, हा गावाचा पुरावा. वहीतली वंशावळ वाचली तर तो बिनतोड आहे. पण ज्या वारशात बाप मुलाला काहीच देत नाही तिथे मुलाच्या घरी काही दिसणारच नाही. ज्या रेघेवरून ही व्याधी चालते ती रेघच वहीत काढलेली नव्हती.

वाहकांमध्ये अगदी काहीच दिसत नाही असेही नाही. वाहक पुरुषांपैकी बऱ्याच जणांना पन्नाशीनंतर हाताचा कंप आणि तोल जाण्याचा विकार होतो. त्याचे वर्णन २००१ साली झाले. वाहक स्त्रियांपैकी साधारण पाचात एकीची पाळी चाळिशीच्या आत थांबू शकते. समुपदेशिका हे सांगत होती आणि बहीण माझ्याकडे बघत होती. नानांची बशी आणि धाकटी मावशी आम्हा दोघींना एकदमच आठवली असणार.

एक बीज, दोन शेते

गावाला हसणे सोपे आहे. पण गावाने ही गोष्ट स्वतः रचलेली नाही. ती त्याला मिळालेली आहे. महाभारतात सत्यवती व्यासांना बोलावते. त्यांचे रूप पाहून अंबिका डोळे मिटते म्हणून धृतराष्ट्र आंधळा. अंबालिका फिकी पडते म्हणून पांडू पांढरा. दासी मात्र घाबरत नाही, तिचा विदुर अव्यंग आणि शहाणा. तिन्ही ठिकाणी बीज एकाचेच. म्हणून फरक आला तो बायकांच्या वागण्याने आला. राज्याचा सगळा पेच ज्या अंधत्वातून सुरू होतो, त्याचा हिशेब एका घाबरलेल्या विधवेच्या पापण्यांवर मांडलेला आहे. ग्रहणात भाजी चिरणारी माझी मावशी अंबिकेच्याच माळेतली.

बीज आणि क्षेत्र हे रूपक धर्मशास्त्राने पक्के केले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्याची सविस्तर चर्चा आहे. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी या रूपकावर लिहिलेला निबंध मराठी समीक्षकाने वाचायलाच हवा. बीज ज्याचे पीक त्याचे, म्हणून मुलावर हक्क बापाचा. आई म्हणजे जमीन, ती फक्त वाढवते : हे रूपक स्वामित्वाचे आहे, हे त्यांनी दाखवले. मला त्यात एक पुस्ती जोडायची आहे. पीक चांगले आले तर बियाण्याचे नाव होते, पीक वाया गेले की रान खराब ठरते. एकाच रूपकात श्रेय आणि दोष यांची अशी वाटणी आधीच झालेली असते. शेतकऱ्याला विचाराल तर तो असे बोलणार नाही. बियाणे उगवले नाही तर तो दुकानदाराकडे जातो.

ही मांडणी केवळ आपली, असेही नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील व्हाइनलँड येथील शाळेत काम करणाऱ्या हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली 'कॅलिकॅक घराणे' हे पुस्तक लिहिले. त्यात एक पुरुष आहे. त्याला खानावळीतल्या एका निनावी 'मंदबुद्धी' मुलीपासून एक मुलगा होतो आणि त्या मुलापासून मंद, व्यसनी, गुन्हेगार अशी संतती पसरते. पुढे तो एका सुशील मुलीशी लग्न करतो आणि तिची सगळी संतती सज्जन निघते. बीज एकच, शेते दोन! विज्ञानाच्या वेषातली ही अंबिका आणि अंबालिकाच आहे. नंतरच्या वंशशोधकांनी दाखवून दिले की त्या दोन शाखांचा मूळ पुरुष एक नव्हताच. पण तोवर हे पुस्तक जर्मनीतही पोचले होते. १९३३ च्या जर्मन कायद्याने सक्तीच्या नसबंदीसाठी जी कारणे ठरवली त्यांत 'जन्मजात मंदबुद्धी' हे पहिले होते. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली.

याच काळात मराठीचे लाडके कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहून भारतात सुप्रजननाची चळवळ हवी असा आग्रह धरला. मार्गारेट सँगर यांची त्याला प्रस्तावना आहे. फडके संततिनियमनाच्या बाजूने होते, त्या काळी ते धाडसच होते. पण 'सुप्रजा' हा शब्द मला वाचताना अडतो. त्यातला 'सु' उच्चारला की न उच्चारलेला 'कु' शेजारी येऊन बसतो. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनला ऑयगन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. वंशाचा श्रेष्ठपणा कवटीच्या ठेवणीत दिसेल अशी गुरूची अपेक्षा; त्यांच्या मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही. एकाच पिढीतल्या या दोन मराठी लेखकांत मला जास्त आधार वाटतो तो मोजून 'नाही' म्हणणारीचा.

नाटकातले घर

मग आपल्या ललित साहित्याने काय केले? जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' हे नाटक, ज्याचे मूळ त्यांच्याच 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीत आहे, घराण्यातून उतरत आलेल्या वेडाच्या भीतीवर उभे आहे. शीर्षकातली पारंबी ही आनुवंशिकतेसाठी मराठीत सापडलेली फार नेमकी प्रतिमा आहे : वरून खाली येते, जमिनीला टेकते आणि पुन्हा खोड होते. पण तो वारसा पुरुषांच्या रेघेने उतरतो. ती त्र्यंबकेश्वरच्या चोपड्याचीच काळी बाजू आहे. शिवाय तो विषय मानसिक आजाराचा आहे. आपल्या भाषेत 'वेडा' हा शब्द आजार आणि अपंगत्व दोन्हींवर बेफिकिरीने फिरतो. म्हणूनच आपल्याला दोन्ही नीट दिसत नाहीत.

'नातीगोती'मध्ये दळवी थेट वाढत्या वयाच्या मतिमंद मुलाच्या घरात शिरतात. मराठी रंगभूमीने या विषयाला दिलेला हा सर्वांत प्रामाणिक न्याय आहे असे मी मानते. हे कुठून आले, यापेक्षा आपल्यामागे याचे काय, यावर नाटकाचा भर आहे. आईबापांचा थकवा तिथे सुशोभित केलेला नाही. पण शीर्षक 'नातीगोती' असूनही नात्यांची उभी रेघ, म्हणजे आजोबा, मावशी, बहीण, तिथे नाटकाचा विषय होत नाही.

१९९१ चा 'चौकट राजा' आठवा. दिलीप प्रभावळकरांचा नंदू जन्मतः तसा नाही. लहानपणी पडून डोक्याला मार बसलेला आहे. कथेला अपघात सोयीचा असतो : कुणाचेही रक्त दोषी ठरत नाही आणि प्रेक्षकाला मनसोक्त रडता येते. मी रडले आहे. पण शेजारी बसलेल्या मावशीने चित्रपट संपल्यावर विचारले, "आपला भाऊ बी कधी पडला असन का गं?" तिलाही एक अपघात हवा होता. २०१४ च्या 'यलो'मध्ये पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतः पडद्यावर आली. तिथे डाऊन सिंड्रोम आहे, आणि ते बहुतेक वेळा वारशाने येत नाही. गुणसूत्र एकविसावे, दोनऐवजी तीन वेळा, असा तो नव्याने घडलेला प्रकार असतो. चित्रपट कारणात शिरत नाही आणि मुलीच्या पोहण्याकडे बघतो. ते मला आवडले.

या कलाकृतींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे इतकेच की आपल्या कथांकडे कारणासाठी दोनच घरे आहेत : एक दोष, दुसरे अपघात. दोष म्हटले की आई दिसते. अपघात म्हटले की कुणीच दिसत नाही. तिसरे घर, जिथे एखादी गोष्ट कुणाच्याही चुकीशिवाय माणसांतून माणसांत येते, ते आपण बांधलेले नाही. फ्रॅजाइल एक्सच्या घराची खरी कथा काळ्या चौकोनाची नाही, ठिपक्याच्या वर्तुळांची आहे. ज्यांना काही झालेले दिसत नाही आणि ज्यांच्यातून सगळे जाते, त्या बहिणींची ती आहे. ही कथा मी मराठीत वाचायची वाट बघते आहे.

ठिपका

हे सगळे लिहिणे सोपे आहे, वागणे नाही. माझ्यात तो वारसा नाही, बहिणीत आहे. एकाच आईच्या दोन मुली. बहिणीची धाकटी लेक तेव्हा लग्नाची होती. घरातले पहिले वाक्य होते, "कागद कपाटात ठेवा." त्या वाक्याला मी नावे ठेवणार नाही. ज्या समाजात एका ठिपक्यावरून सोयरीक मोडते तिथे कागद लपवणे हा शहाणपणाच असतो. मी मात्र त्या दिवशी काहीच बोलले नाही. कागद लपवावा असे मलाही वाटले होते, हे कबूल केलेले बरे. जिने वर्गात वर्षानुवर्षे अंबिकेची बाजू मांडली तिला.

भाचीने स्वतः तपासणी करून घेतली. निकाल काय आला तो तिचा आहे. तो इथे लिहिणार नाही. स्थळ आले तेव्हा ती मुलाशी स्वतः बोलली. वाहक असलेल्या बाईपुढे आज गरोदरपणातल्या तपासणीचा मार्ग असतो, इतरही असतात, आणि जे मूल येईल त्याला वाढवण्याचाही असतो. कोणता घ्यायचा हे सांगायचा अधिकार शास्त्राला नाही, सासूला नाही, मावशीलाही नाही. सुप्रजेची चळवळ आणि समुपदेशन यांतला फरक मला तरी इतकाच कळतो की एक हुकूम देते आणि दुसरे माहिती देऊन गप्प बसते.

नंतरच्या दिवाळीत मी कागदाची प्रत घेऊन साखऱ्याला गेले. मोठी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. भाऊ ओट्यावर बसून जाणाऱ्या ट्रॅक्टरांची नावे घेत होता. मी तिला चौकोन-वर्तुळे समजावून सांगितली. हे तुझे वर्तुळ, ही माझी आई, ही धाकटी. तिघींत ठिपके. मामाच्या चौकोनात काही नाही. आणि वर नानांचा चौकोन. नानांचे रक्त तपासता येणार नव्हते. आजीकडून आले असण्याची शक्यता पुरती पुसता येत नव्हती. पण तिन्ही लेकी, मामा मोकळा, थरथरते हात : समुपदेशिकेने नानांच्या चौकोनात ठिपका दिला होता आणि शेजारी छोटे प्रश्नचिन्ह.

मला वाटले होते, मावशीला हायसे वाटेल. पन्नास वर्षे ऐकलेले सगळे खोटे होते, याचा हा पुरावा. तिने कागद दूर धरून पाहिला. स्वतःच्या वर्तुळावरून बोट फिरवले, मग नानांच्या चौकोनावर आणले.

"म्हंजे मी काई केलं नव्हतं."

"नाही मावशी."

"अन् नानानं बी नाही."

"नाही. त्यांना ठाऊकही नव्हतं."

"मंग गावात हे असं सांगू नको की नानापासून आलं," ती म्हणाली. "माझं सुटलं अन् त्याईच्या डोक्यावर बसलं, असं नको व्हायला."

मी वर्षानुवर्षे समीक्षा लिहिली, पण दोष एका पात्रावरून काढून दुसऱ्यावर ठेवणे म्हणजे न्याय नव्हे, हे मला इतक्या स्वच्छपणे कधी मांडता आले नव्हते. मावशीने कागदाची घडी घातली आणि ती फडताळात नानांच्या वहीत ठेवली. तिच्या परवानगीनेच हे लिहिले आहे. नावे घालू नकोस, एवढी एकच तिची अट होती.